परवाना भिंतीवर, वायरमन शिडीवर

नव्या घराला वीजजोडणी हवी असेल तर अर्जासोबत जे कागद जोडावे लागतात त्यांत विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल हा एक असतो. घरातील वायरिंग नियमाप्रमाणे झाले आहे, तारांचे आवरण शाबूत आहे, अर्थिंग नीट केले आहे आणि या साऱ्याची उपकरणे लावून तपासणी झाली आहे, अशी ग्वाही या कागदावर परवानाधारक ठेकेदार आपल्या सहीनिशी देत असतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही मध्यम शहरात हा कागद कसा मिळतो, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काम एकाने केलेले असते आणि सही दुसऱ्याची असते. सही करणाऱ्याने ते घर पाहिलेले असतेच असे नाही; पुष्कळदा त्याला घराचा पत्ताही अर्जावरूनच कळतो. सहीचा दर ठरलेला असतो, तो देणारा निमूटपणे देतो, आणि या व्यवहारात काही गैर घडले असे दोघांपैकी कोणालाही वाटत नाही. टेस्ट रिपोर्ट मिळाला, एवढ्यावर सगळे समाधानी असतात; टेस्ट झाली की नाही हे विचारण्याची पद्धत राहिलेली नाही.

हा प्रश्न किरकोळ कागदोपत्री गैरव्यवहाराचा नाही, तो माणसांच्या जिवाचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दगावणाऱ्यांची देशभरची संख्या दरवर्षी दहा हजारांच्या वर दाखवली जाते. त्यांत शेतातील तुटलेल्या तारांचे, उघड्या वितरण पेट्यांचे आणि खांबावर काम करताना प्राण गमावलेल्यांचे बळी पुष्कळ असतात हे खरे. परंतु गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार, कूलर अशा रोजच्या वस्तूंना हात लागून गेलेली माणसेही त्याच आकड्यात आहेत. स्थानिक वृत्तपत्रांत अशी बातमी चार ओळींत येते आणि तिच्या शेवटी ‘अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली’ असे वाक्य असते. ‘अकस्मात’ हा शब्द येथे फारसा प्रामाणिक नाही. भिंतीच्या आत पाच वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या हिरव्या तारेमुळे जो मृत्यू ओढवतो, तो त्या दिवशी अकस्मात आलेला नसतो.

कायद्यात कमतरता आहे म्हणून हे घडते, असेही म्हणता येत नाही. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याखाली जे नियम १९५६ मध्ये करण्यात आले त्यांतील पंचेचाळिसाव्या नियमाने ही बाब स्पष्ट केली होती. २००३ चा विद्युत कायदा आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. या साऱ्या प्रवासात मूळ तत्त्व तेच राहिले. ग्राहकाच्या जागेत वीजमांडणीचे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावयाचे, ते सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावयाचे, आणि तारेला हात लावणाऱ्या माणसाजवळही परवाना असावयाचा. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे यांसारखी किरकोळ कामे या बंधनातून मोकळी ठेवलेली आहेत. म्हणजे खुर्चीवर चढून स्वतःच्या घरातला दिवा बदलणाऱ्या गृहस्थाला कायदा अडवत नाही. तो अडवतो ते मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलणाऱ्याला.

या त्रिस्तरीय रचनेमागचा विचार नीट पाहण्याजोगा आहे. ठेकेदार हा जबाबदारीचा धनी, पर्यवेक्षक हा ज्ञानाचा आणि वायरमन हा हाताचा. कोणत्याही एकावर सारा भार टाकला तर काम बिघडते, म्हणून कायद्याने तिघांनाही बांधून घेतले. व्यवहारात मात्र या तिघांपैकी फक्त पहिला उरला आहे आणि तोही सहीपुरता. पर्यवेक्षक कागदावर असतो. शिडीवर चढलेल्या मुलाजवळ बहुधा काहीच कागद नसतो. ठेकेदाराचा परवाना चौकटीत बसवून दुकानाच्या भिंतीवर टांगलेला असतो आणि त्याच्या सावलीत दहा-वीस हात काम करीत असतात.

या हातांकडून नेमके काय चुकते, हे समजल्याखेरीज परवान्याचा आग्रह कशासाठी ते कळणार नाही. सर्वसाधारण समज असा की, फ्यूज किंवा एमसीबी बसवला की माणूस सुरक्षित झाला. वस्तुतः ही साधने तारेच्या रक्षणासाठी असतात, माणसाच्या नव्हे. चाळीस वॅटचा साधा दिवा २३० व्होल्टवर सुमारे १७० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह या मर्यादेपर्यंत आणि त्याहूनही वर सहज जाऊ शकतो. आणि तीस मिलिअँपिअरच्या पुढे गेलेला प्रवाह काही क्षण टिकला तरी हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. आता पाच अँपिअरचा फ्यूज वितळण्यासाठी पाच हजार मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. म्हणजे माणूस तडफडत असताना त्या फ्यूजच्या दृष्टीने घरात तीन-चार दिवे लागलेले असतात, एवढेच. शाळेत ओहमचा नियम शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हा हिशेब फळ्यावर दोन ओळींत मांडता येईल. दुर्दैवाने तो मांडला जातो तो परीक्षेतल्या उदाहरणापुरता.

माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी दोन: चांगले अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन, ज्याला बाजारात कोणी ईएलसीबी तर कोणी आरसीसीबी म्हणतात. गिझरच्या आतील तारेचे आवरण जळून त्याच्या धातूच्या अंगाला वीज आली, तर अर्थिंगच्या तारेतून ती जमिनीत जावी आणि त्या जोरदार प्रवाहाने फ्यूज उडावा, अशी योजना असते. ही तार भिंतीतून खाली येऊन खड्ड्यातील पट्टीला जोडलेली नसेल तर सारी योजनाच निरर्थक ठरते. तीन पिनांचा प्लग, त्यातली जाड पिन, स्विचबोर्डातले तिसरे भोक, हे सारे दिसायला तसेच राहते. मागे मात्र काही नसते. कित्येक ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी ही पिन न्यूट्रलच्या तारेलाच बोर्डात जोडून दिली जाते. टेस्टर लावला तर काही दिसत नाही, उपकरण व्यवस्थित चालते, ग्राहक खूश असतो. ज्या दिवशी न्यूट्रल कोठे तरी तुटते त्या दिवशी घरातील प्रत्येक धातूच्या उपकरणाला वीज येते. ही चूक अडाणीपणाने होते तशीच कंजूषपणानेही होते. ती पकडण्याचे काम ज्या चाचणीने करावयाचे, ती चाचणी झालेलीच नसते.

जुन्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. एके काळी पाण्याचे लोखंडी नळ जमिनीतून आलेले असत आणि अर्थिंगची तार त्या नळाला बांधून देण्याची वहिवाट होती. ती शास्त्रशुद्ध नव्हती, परंतु निदान नळ जमिनीत गेलेला असे. पुढे घरोघर प्लॅस्टिकचे नळ आले. नळ बदलणाऱ्या प्लंबरने तार सोडवून बाजूला टाकली आणि त्या घराचे अर्थिंग त्या दिवशी संपले. याची कोणी नोंद घेतली नाही, कारण नोंद घेण्याचे काम कोणाचेच नव्हते. त्याच घरांतील तारा चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढ्या भाराच्या हिशेबाने ओढलेल्या होत्या. आज त्याच तारांवर दोन हजार वॅटचा गिझर, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, शेजारी इंडक्शनची शेगडी आणि उन्हाळ्यात एखादे वातानुकूलन यंत्र असा भार चढवला जातो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. अशा घरात फ्यूज वारंवार उडू लागला की शेजारचा हुशार मुलगा त्यात जाडसर तांब्याची तार गुंडाळून देतो. फ्यूज उडायचा थांबतो. आगीला निमंत्रण देऊन झालेले असते.

शिडीवरच्या त्या माणसाला खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. बहुधा तो तालुक्याच्या एखाद्या गावातून आलेला असतो. आठवी-दहावीनंतर शाळा सुटलेली. चार-पाच वर्षे एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली भिंती फोडण्यापासून सुरुवात करून तो काम शिकलेला असतो. त्याच्या हातात कसब असते. कन्सील्ड वायरिंगचा पाइप टाकताना बांधकामाचा अंदाज, बोर्डाची मांडणी, जोड कोठे द्यावा याची समज त्याला पुष्कळदा पदविकाधारकापेक्षा अधिक असते. त्याला ठाऊक नसते ते ‘का’. जे त्याच्या मिस्त्रीला कोणी सांगितले नाही ते त्यालाही कोणी सांगितले नाही. शिवाय त्याची मजुरी पॉइंटच्या दराने ठरते. जितके पॉइंट एका दिवसात निघतील तितके पैसे. अर्थिंगचा खड्डा खणणे हा पॉइंट नव्हे. दर पाडून मागणारा घरमालक, त्याच्याहून अधिक पाडून मागणारा बांधकाम व्यावसायिक आणि या दोघांच्या मध्ये ठेकेदार, अशा साखळीच्या शेवटच्या टोकाला हा माणूस उभा असतो. अपघात झाला की निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दलचे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत १०६ व्या क्रमांकावर आहे, लावण्यासाठी सर्वांत आधी सापडतो तोही हाच. सही करणारा म्हणतो, काम माझ्या माणसाने केले नाही. आणि त्याचे म्हणणे दुर्दैवाने खरेच असते.

असा माणूस परवाना का काढत नाही? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रमाची दोन वर्षे पुरी करून येणाऱ्याला कागदाची वाट बरीच सरळ आहे. कामावर शिकलेल्याला ती सरळ नाही. अर्ज, अनुभवाचे दाखले, परीक्षा, शुल्क, हेलपाटे, आणि या प्रत्येक दिवशीची बुडालेली मजुरी. तथापि हे सारे अडथळे दुय्यम म्हणावे लागतील. खरे कारण असे की, परवाना काढून त्याच्या पदरात काहीच पडत नाही. गिऱ्हाईक त्याला परवाना विचारत नाही. ठेकेदाराला बिनपरवाना माणूस अधिक परवडतो. वीज कंपनीला ठेकेदाराची सही पुरते. ज्या कागदाला बाजारात किंमत नाही तो मिळवण्यासाठी कोणी आठ दिवसांची मजुरी का घालवावी? नीतीचा उपदेश करण्यापूर्वी या हिशेबाचे उत्तर दिले पाहिजे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. परवाने वाढवले की हप्ते वाढतात, मूठभर परवानाधारकांची मक्तेदारी होते, गरिबाच्या पोटावर पाय येतो, असे म्हणणारे लोक केवळ अराजकवादी नसतात; या देशातील परवाना पद्धतीचा अनुभव त्यांच्या पाठीशी आहे. इंग्लंडमध्ये तर घरगुती वायरिंगवर कायदेशीर बंधन २००५ मध्ये इमारत नियमावलीच्या ‘पी’ भागाने आले. तोवर तेथील कारभार मुख्यतः व्यावसायिकांच्या स्वेच्छा नोंदणीवर आणि मानक संहितेच्या पालनावर चालला होता. म्हणजे परवाना नसला तर सर्वनाशच होतो असे नाही. परंतु तेथे स्वेच्छेने पाळले जाणारे मानक होते, प्रशिक्षणाची जुनी परंपरा होती, आणि काम बिघडले तर नुकसानभरपाई वसूल करणारी न्यायालये ग्राहकाच्या आवाक्यात होती. या तीनही गोष्टी आपल्या लहान शहरांत आहेत असे कोणी छातीठोकपणे सांगणार असेल तरच तो आक्षेप येथे लागू करता येईल. शिवाय आज जी मक्तेदारी आहे ती परवान्यामुळे नसून परवान्याच्या ढोंगामुळे आहे. ज्याच्याजवळ सही आहे तो काम न करता कमावतो आणि ज्याच्याजवळ हात आहेत त्याला ओळख नाही. मक्तेदारी याहून वेगळी ती काय असते?

या ढोंगाला बळ कोठून मिळाले हे पाहिले तर नियमांतील एका लहानशा बदलाकडे लक्ष जाते. १९५६ च्या नियमांप्रमाणे नवी जोडणी देण्यापूर्वी वीजपुरवठादाराने ग्राहकाच्या मांडणीची स्वतः पाहणी व चाचणी करावयाची होती. २०१० च्या विनियमांनी त्याला पर्याय दिला: पुरवठादाराने एकतर स्वतः चाचणी करावी किंवा परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचे चाचणीफल स्वीकारावे. दोन पर्यायांपैकी स्वस्त कोणता, हे सांगण्याची गरज नाही. लक्षावधी ग्राहक, अपुरे कर्मचारी, हे लक्षात घेता पुरवठादाराने दुसरा मार्ग धरला तर त्याला एकट्याला दोष देता येणार नाही. पूर्वीच्या पाहण्या तरी किती काटेकोर होत असत, हाही प्रश्न आहेच. पण जुन्या व्यवस्थेत निदान एक परका, ज्याला त्या घराच्या व्यवहारात काही मिळावयाचे नव्हते, असा डोळा बोर्डावरून फिरत असे. आता मांडणी करणारा आणि ती योग्य असल्याचे सांगणारा, दोघेही एकाच बाजूचे झाले.

त्यात आता वेगाची भर पडली आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्राच्या नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन नवी जोडणी महानगरांत तीन, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यावी असे ठरले. ग्राहकाला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणाऱ्या जुन्या कारभाराच्या तुलनेत ही सुधारणा स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु सात दिवसांत जोडणी द्यावयाची म्हणजे त्या चाचणी अहवालावर पूर्वीपेक्षा अधिक विसंबून राहणे आले. ज्या कागदावर भार वाढवला, तो कागद खरा असावा याची काही तजवीज त्याबरोबर व्हावयास हवी होती.

दर पाच वर्षांनी प्रत्येक मांडणीची तपासणी व्हावी असे १९५६ च्या नियमांत होते आणि २०१० च्या विनियमांतही होते. शहरातल्या शंभर गृहस्थांना विचारले की तुमच्या घरी अशी तपासणी कधी झाली, तर बहुतेकांना अशी काही तरतूद आहे हेच प्रथम कळेल. विद्युत निरीक्षकांचे कार्यालय असते, त्याच्यावर कारखाने, उंच इमारती, चित्रपटगृहे, अपघातांची चौकशी यांचा भार असतो, आणि घरगुती मांडणीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. मनुष्यबळ नाही, पैसा नाही, हे कारण ठरलेले आहे. पैशाचे म्हणाल तर महाराष्ट्रातील घरगुती ग्राहक आपल्या वीजबिलात सोळा टक्के वीज शुल्क दरमहा भरत असतो. हे शुल्क सरकारच्या तिजोरीत जाते. विजेवर कर घेणाऱ्या सरकारने त्यातील अल्पसा भाग विजेने माणसे मरू नयेत यासाठी वेगळा काढावा, ही मागणी अवाजवी खचित नव्हे.

मोठी दुर्घटना झाली की तपासणीची आठवण होते, हा आपला रिवाज आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली. सारे राज्य हळहळले, रुग्णालयांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. या घटनांची कारणे चौकशी समित्यांनी पाहिली. त्यांचा ऊहापोह येथे करण्याचे कारण नाही. आदेश आणि अंमल यांच्यात किती अंतर असते, हे मात्र जानेवारी ते नोव्हेंबर या दहा महिन्यांनी दाखवून दिले. सरकारी रुग्णालयांची ही गत, तर पेठेतल्या भाड्याच्या खोलीत वायरिंग कोण तपासणार?

पुराचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात घरेच्या घरे पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर प्रत्येक स्विचबोर्डात गाळ होता, भिंतीतल्या पाइपांत पाणी होते. अशा घरात वीज सुरू करण्यापूर्वी मेगर लावून तारांचे आवरण तपासणे आवश्यक असते: पाचशे व्होल्टचा दाब एक मिनिटभर देऊन रोध एक मेगओहमपेक्षा खाली येत नाही ना, हे पाहावयाचे. चाचणी सोपी आहे, मिनिटाभराची आहे. पण एका आठवड्यात हजारो घरांत ती करावयाची तर तेवढी जाणती माणसे हवीत आणि ती कोण, कोठे राहतात, याची यादी नगरपालिकेजवळ तयार हवी. परवानाधारक वायरमनची नोंद ही अशा वेळी कामाची वस्तू असते. गणेशोत्सवातले मंडप, लग्नाची रोषणाई, निवडणुकीच्या सभा यांनाही हेच लागू आहे. पावसाळ्यात ओल्या बांबूवरून उघड्या जोडांच्या तारा ओढणाऱ्या मुलांची नावे कोणाच्याही दप्तरी नसतात.

आणि आता छपरावर सूर्यही आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे, आणि दहा किलोवॅटपर्यंतच्या छोट्या संचांसाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अटही काढून टाकण्यात आली आहे. योजना चांगली आहे. परंतु छपरावरील पट्ट्यांतून येणारी वीज एकदिश असते, मालिकेत जोडलेल्या पट्ट्यांचा एकूण दाब काही शे व्होल्टपर्यंत जातो, आणि ऊन असेपर्यंत तिला बटन दाबून बंद करता येत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहातील ठिणगी दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येऊन विझण्याची संधी असते. एकदिश प्रवाहाची ठिणगी पेटली की तशीच जळत राहते. ढिला राहिलेला एक जोड छपरावर आग लावू शकतो. जो माणूस अर्थिंगचे ‘का’ जाणत नाही त्याच्या हाती आपण हे नवे प्रकरण देत आहोत, आणि तेही घाईने.

उपाय फार दूरचे नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे कामावर शिकलेल्या माणसाला परवान्यापर्यंत येण्याची वाट मोकळी केली पाहिजे. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय आहे; पण ते प्रमाणपत्र आणि राज्याचा वायरमन परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा सांधा जुळवला तर निम्मे काम होईल. परीक्षा मराठीत, मुख्यतः प्रात्यक्षिकाची आणि तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, सुटीच्या दिवशी घेतली पाहिजे. तेथे बोर्ड आहेत, मेगर आहे, शिकवणारे निदेशक आहेत. ज्याने दहा वर्षे घरे वायर केली त्याला कविता पाठ म्हणावयास लावण्याचे कारण नाही. तयार मांडणीत मुद्दाम केलेले पाच दोष शोधून दाखव म्हटले की त्याची परीक्षा होते. अनुत्तीर्ण झाला तर पंधरा दिवसांचा वर्ग आणि पुन्हा परीक्षा. मजुरी बुडाल्याची भरपाई वीज शुल्कातून द्यावी. रक्कम किरकोळ असेल.

दुसरी गोष्ट अहवालाची. ठेकेदाराच्या सहीशेजारी प्रत्यक्ष काम केलेल्या वायरमनचे नाव, परवाना क्रमांक आणि सही असल्याखेरीज अहवाल स्वीकारू नये, आणि त्यात ‘समाधानकारक’ या एका शब्दाऐवजी प्रत्यक्ष मापे मागावीत: आवरणाचा रोध किती, अर्थिंगचा रोध किती, गळतीरोधक साधन बसवले की नाही. खोटा आकडा लिहिणे हे ‘समाधानकारक’ लिहिण्यापेक्षा मनाला जड जाते. शिवाय दर महिन्याला दिलेल्या जोडण्यांपैकी काही, चिठ्ठ्या टाकून, विद्युत निरीक्षकांनी स्वतः जाऊन तपासाव्यात. शंभरांत दोन घरे तपासली आणि खोट्या सहीबद्दल एका ठेकेदाराचा परवाना सहा महिने रोखून त्याचे नाव वीज कंपनीच्या कार्यालयात फलकावर लावले, तर उरलेल्या अठ्ठ्याण्णव घरांचे काम पुष्कळसे आपोआप सुधारेल. सध्या या सहीला किंमत आहे, धोका नाही. तो धोका निर्माण केला की ठेकेदाराला परवानाधारक वायरमन शोधणे भाग पडेल आणि त्या वायरमनच्या कागदाला बाजारात भाव येईल.

ग्राहकाचा वाटा यात सर्वांत लहान नाही. फरशीला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला सढळ हाताने खर्च करणारा गृहस्थ वायरिंगच्या दरात घासाघीस करतो, कारण फरशी दिसते आणि तार दिसत नाही. मानक चिन्ह नसलेली तार शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून ती घ्यावयास सांगणारा पुष्कळदा तोच असतो. ठेकेदाराला तीन प्रश्न विचारले तरी पुरे: काम करणाऱ्याचा परवाना कोठे आहे, अर्थिंगचा खड्डा कोठे खणला, आणि चाचणी केव्हा, माझ्यासमोर होणार? उत्तर देताना जो चाचरेल त्याच्याकडून सही घेऊ नये. सहकारी गृहनिर्माण संस्थांना तर हे सहज करता येईल. दर पाच वर्षांनी एका परवानाधारकाकडून साऱ्या सदनिकांची तपासणी करून घेण्याचा खर्च रंगकामाच्या खर्चापुढे नगण्य ठरावा, आणि त्याचा ठराव येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यास कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.